पोटगी मुलांची आहे, ती आईला माफ करता येत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: लग्नाला अकरा वर्षं झाली. दीड वर्षापासून त्या माहेरी आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. त्या एका पतसंस्थेत २२ हजारांवर काम करतात. नवऱ्याला खासगी कंपनीत ४४ हजार पगार होता. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने राजीनामा दिला आणि आता 'मला उत्पन्नच नाही' म्हणतो. गावाकडे वडिलांसोबत ऊस आहे. त्याचं म्हणणं, तू कमावतेस तर पोटगी कशाला, आणि आधी मुलं भेटायला पाठव, मग पैशांचं बघू. माहेरचे म्हणतात, काही नको म्हणून लिहून दे, घटस्फोट घे आणि मोकळी हो. काय करू?

ताई, आधी माहेरच्या सल्ल्याचं बोलते, कारण सगळ्यात मोठं नुकसान त्यातून होतं. मी पंचवीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात उभी राहते आहे. 'मला काही नको, फक्त सुटका हवी' हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की ते ऐकलं की मी समोरची फाइल बंद करून आधी त्यांना पाणी देते. स्वतःची पोटगी सोडायची की नाही, हा तुमचा निर्णय. मुलांची पोटगी मात्र तुमची नाहीच, म्हणून ती सोडण्याचा अधिकारही तुमचा नाही. कोर्टात अर्ज टाईप होतो तेव्हा अर्जदार क्रमांक एक तुम्ही असता, क्रमांक दोन आणि तीन म्हणून मुलांची नावं येतात आणि पुढे लिहिलेलं असतं, 'अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई'. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणार. हक्क मुलांचा, तुम्ही त्यांच्या वतीने सही करणाऱ्या.

म्हणूनच परस्पर संमतीच्या घटस्फोटात 'पत्नीने स्वतःसाठी व मुलांसाठी पोटगीचा हक्क कायमचा सोडला आहे' असं कलम लिहिलं, तरी त्याने मुलांचा हक्क बुडत नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तरी असं कलम लिहू देऊ नका. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी पुन्हा कोर्टात जाल, तेव्हा समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करेल आणि त्याचं उत्तर देण्यात सहा महिने जातील.

आता 'तू कमावतेस' या मुद्द्याकडे येऊ. आईला पगार आहे म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, वाटली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात हिशोब अगदी साधा केला होता: दोघंही नोकरीला, नवऱ्याचा पगार बायकोच्या साधारण दुप्पट, तर मुलांचा खर्चही दोघांनी त्याच प्रमाणात उचलायचा, दोनास एक. तुमच्या घरातले आकडेही नेमके तसेच आहेत. समजा दोन्ही मुलांचा महिन्याचा खर्च २४ हजार निघाला, तर या मापाने १६ हजार त्याचे आणि ८ हजार तुमचे होतात. हे पक्कं सूत्र नव्हे. मुलं तुमच्याजवळ आहेत, त्यांचं आजारपण, अभ्यास, डबा, रात्रीची जागरणं तुम्हीच करता, हेही न्यायाधीशांच्या नजरेला आणायचं असतं.

लोक माझ्याकडे 'पंचवीस टक्के' घेऊन येतात. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोसाठी रास्त मानली होती, तिथून हा आकडा पसरला. तो त्या प्रकरणापुरता होता आणि बायकोच्या पोटगीबद्दल होता. मुलांसाठी आपल्या कायद्यात ठरलेला तक्ता नाही. मुलाची गरज, आईबापाची ऐपत आणि एकत्र असताना मुलं ज्या तऱ्हेने राहत होती ती राहणी, एवढ्यावर रक्कम ठरते.

म्हणून गरज कागदावर मांडता आली पाहिजे, आणि इथे बायका स्वतःचंच नुकसान करतात. एक आई आली होती, एका मुलाची. 'किती लागतात?' विचारलं तर म्हणाली, 'पाचेक हजार'. मी तिला वही दिली आणि आम्ही तासभर बसलो. शाळेची फी वर्षाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३,०००. व्हॅन १,२००. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर, रेनकोट असं सगळं मिळून ७,२००, महिन्याला ६००. शिकवणी १,०००. दूध, फळं, डबा, किराण्यातला मुलाचा वाटा ३,५००. दवाखाना आणि औषधं ७००. कपडे, सहल, वर्गातल्या मुलांचे वाढदिवस ८००. घरात माणसं तीन, भाडं आणि वीज मिळून ७,५००, त्यातला मुलाचा तिसरा हिस्सा २,५००. बेरीज झाली १३,३००. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती हे पैसे कुठून आणत होती, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. तुम्हीही आज रात्री अशी वही मांडा, दोन्ही मुलांची वेगवेगळी. भाड्यातला हिस्सा विसरू नका. माहेरी राहत असाल तर घरखर्चाला जे देता ते लिहा. औषधांच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या, व्हॅनवाल्याला पाठवलेल्या पैशांचे मेसेज जपून ठेवा. फुगवून एकही आकडा लिहू नका. एक खोटी पावती सापडली की उरलेल्या वीस खऱ्या पावत्यांवरचा विश्वास जातो.

राजीनाम्याचं म्हणाल तर हे जुनं आहे. नोटीस पोहोचते आणि नोकरी जाते, धंदा भावाच्या नावावर होतो, गाडी मेहुण्याची निघते. न्यायालय प्रत्यक्ष पगाराइतकीच कमावण्याची क्षमताही बघतं. धडधाकट माणसाने मोलमजुरी करून का होईना, बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही स्पष्ट बजावलं आहे. शिवाय ४ नोव्हेंबर २०२० चा 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल तुमच्या हातातलं मोठं साधन आहे. प्रकरण आपल्या नागपूरचंच. त्या निकालापासून पोटगीच्या अर्जात दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्याचं शपथपत्र आलं की प्रत्येक ओळ वाचा. 'उत्पन्न निरंक' लिहिणाऱ्याने वर्षभरापूर्वी बँकेत कर्जासाठी काय उत्पन्न दाखवलं होतं, आयकराची मागची तीन विवरणपत्रं काय म्हणतात, भविष्यनिर्वाह निधीत शेवटची रक्कम कधी जमा झाली, हे मागवता येतं. शेतीसाठी सातबारा आणि आठ-अ काढा. ऊस कोणत्या कारखान्याला जातो ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्या कारखान्याकडून ऊसबिल कुणाच्या नावाने जमा होतं याची माहिती न्यायालयामार्फत मागवा. दुधाचं बिल असेल तर तेही. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तर सगळं उत्पन्न नवऱ्याचं धरता येणार नाही, हे आधीच सांगते. पण वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा असेल तर तो पुढे मांडता येतो. आणि शपथपत्र तुम्हालाही द्यायचं आहे. तुमचे २२ हजार, भिशी, सोनं, ठेव, सगळं खरं लिहा.

पगारपत्रकावरच्या कपातींना बिचकू नका. कर आणि भविष्यनिर्वाह निधी वजा होतो. गाडीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, विम्याचे जादा हप्ते अशा स्वतःहून घेतलेल्या कपाती दाखवून हातात काहीच उरत नाही म्हणणं सहसा टिकत नाही.

अर्ज कुठे आणि कोणत्या कायद्याखाली, हे तुमचे वकील ठरवतील, पण ढोबळ माहिती असू द्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या अर्जांसाठी त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. धर्म कोणताही असो, आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला हे कलम लागू होतं. गोव्यात हिंदू विवाह कायदा चालत नाही, पण हे कलम तिथेही चालतं. तुम्ही सध्या जिथे राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलांचा खर्च मागता येतो. छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीही मागता येतो, आणि त्यात थेट मालकाला पगारातून रक्कम भरायला सांगण्याची सोय आहे. दोन-तीन ठिकाणी अर्ज असतील तर प्रत्येक ठिकाणी ते उघड सांगा. एका आदेशाची रक्कम दुसऱ्यात वळती होते.

उशीर मात्र करू नका. दीड वर्ष तुम्ही एकट्याने खर्च केलात. साधारणपणे पोटगी मिळते ती अर्जाच्या तारखेपासून, तुम्ही घर सोडलं त्या तारखेपासून नाही. अर्ज न करता गेलेला प्रत्येक महिना बहुतेक वेळा तुमच्याच पदरचा गेला. अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज द्या. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून तो शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. समन्स परत येतं, वकील बदलतो, तारीख पडते. तरी आदेश अर्जाच्या तारखेपासून लागू झाला की मधल्या महिन्यांची रक्कम मिळते. पैशांअभावी थांबला असाल तर थांबू नका. स्त्रीला आणि मुलाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. महाराष्ट्रात पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत तर? इथे एक खड्डा आहे. कलम १४४ खाली थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत बाई दोन वर्षं थांबते आणि पहिल्या वर्षाची रक्कम या वाटेने मिळणं बंद होतं. तीन-चार महिने थकले की वसुलीचा अर्ज टाका. न्यायालय जप्तीचं वॉरंट काढू शकतं, आणि तरीही न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. दिवाणी मार्गाने पगार जप्त करायचा झाला, तर पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. इतर कुठल्याही देण्यासाठी कायदा पगाराला इतका हात लावू देत नाही.

हे वाचणाऱ्या वडिलांसाठीही सांगायचं आहे, कारण माझ्याकडे तेही येतात, आणि त्यांतले बरेचजण मनापासून पैसे देत असतात. माझा एक अशील दर महिन्याच्या पाच तारखेला मुलाच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहून सहा हजार रोख द्यायचा. मुलगा दिसायचा, पाठीवर हात फिरवता यायचा, म्हणून त्याला बँकेतून पाठवायचं नव्हतं. पुढे काही कारणाने दोघांचं बिनसलं आणि तिने अकरा महिन्यांच्या थकबाकीचा, ६६ हजारांचा अर्ज केला. त्याच्याकडे होती फक्त खिशातली छोटी डायरी, पाच तारखेपुढे '६०००' आणि बरोबरची एक खूण. सही नाही, साक्षीदार नाही. ते पैसे त्याने पुन्हा भरले. त्या दिवशी पायऱ्यांवर बसून तो रडला आणि मला काही करता आलं नाही. म्हणून दादांनो, एक रुपया असला तरी बँकेतून पाठवा आणि त्यात महिन्याचं नाव लिहा. शाळेची फी परस्पर भरणार असाल तर ती पोटगीत धरायची की वेगळी, हे आदेशातच लिहून घ्या. नाहीतर सायकल, फी, सहलीचे पैसे सगळं 'बापाने प्रेमाने दिलं' असं होतं आणि पोटगी बाकीच राहते. नोकरी खरोखर गेली, आजारपण आलं, तर गप्प बसून थकबाकी वाढवू नका. रक्कम कमी करण्याचा अर्ज कलम १४६ खाली लगेच करता येतो. त्याच कलमाखाली आईला वाढ मागता येते: मुलगी पाचवीतून आठवीत गेली, फी वाढली, त्याचा पगार वाढला, ही सगळी बदललेली परिस्थितीच आहे.

'आधी भेट, मग पैसे' याचं उत्तर दोघांनाही एकच आहे. मुलाला भेटण्याचा हक्क आणि मुलाचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देत नाही म्हणून बापाची भेट अडवता येत नाही आणि भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. तो भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करू शकतो. पण ताई, माझं म्हणणं ऐका, त्याच्या अर्जाची वाट बघू नका. धोका नसेल तर तुम्हीच लेखी कळवा की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अमुक वेळेला मुलं भेटतील. कोर्टात तुमची बाजू यामुळे भक्कम होते, आणि मुलांना बाप हवा असतो. मुलांची पोटगी मागताना मुलांचीच दुसरी गरज आपण दाबून ठेवावी, हे मला पटत नाही.

समजुतीने घटस्फोट होणार असेल तर कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे समझोत्याच्या लेखी अटींवर, घाईत सही करू नका. रक्कम लिहिताना दरवर्षी किती टक्के वाढेल ते लिहा. मी १० टक्क्यांपासून बोलणी सुरू करते. फी आणि मोठा दवाखाना वेगळ्या कलमात घाला. कलम १४४ खाली मुलगा १८ वर्षांचा झाला की साधारणपणे पोटगी संपते, शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा इजेमुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर नाही. अठरा म्हणजे बारावी, खरा खर्च तिथून पुढे. म्हणून 'पदवी पूर्ण होईपर्यंत' असं स्पष्ट लिहून घ्या. मुलीचं वेगळं आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २० प्रमाणे लग्न होईपर्यंत, स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसेल तर, तिचा खर्च मागता येतो, आणि त्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत तिच्या लग्नाचा रास्त खर्चही येतो. एकरकमी देत असतील तर मुलांचा वाटा त्यांच्या नावाने मुदत ठेवीत घाला. आणखी एक कलम हळूच घुसवलं जातं, 'मुलांचा वडिलांच्या मिळकतीत हक्क राहणार नाही'. घटस्फोटाने तुमचं नातं संपतं, मुलांचं नाही. ती वारस असतात आणि वारसच राहतात. ती ओळ खोडायला लावा. तुम्ही उद्या दुसरं लग्न केलंत तरी त्याची मुलं त्याचीच, पोटगी चालू राहते.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की मुलगी विचारते, 'बाबा पैसे का देत नाहीत?' हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीपर्यंत पोहोचला, म्हणजे घरात फोनवर तिच्यासमोर बोलणं होतं आहे. तिला सांगा, 'पैशांचं मी आणि बाबा ठरवतो आहोत, तुझी फी भरलेली आहे'. 'बाबांना विचार, फी कधी भरणार' असे निरोप तिच्याकरवी पाठवू नका. पुढे समुपदेशक किंवा न्यायाधीश तिच्याशी एकटीशी बोलू शकतात, चेंबरमध्ये, वकिलांशिवाय. तेव्हा तिला काय बोलायचं ते पढवू नका. त्या दिवशी शाळा बुडणार असेल तर आदल्या दिवशी बाईंना कळवा, आणि येताना तिचा डबा सोबत आणा. आमच्याकडे पुकारा कधी होईल याचा भरवसा नसतो, आणि बाकावर तीन-चार तास बसून मुलं उपाशी राहतात.